डबा नंबर १, चोरल: जून ते ऑक्टोबर २०२४

१ जून, शनिवार

रानातले आवाज रेकॉर्ड करणाऱ्या डब्याचं काम आजपासून खरंच सुरू. गेले दोन महिने नुसतं करायचंय करायचंय चाललं होतं, आज दुपारी इंदूरच्या जेल रोडला जाऊन सामान आणलंच. ईएसपी३२ चा बोर्ड (छोटासा कॉम्प्युटरच), आयएनएमपी४४१ माइक (डिजिटल आहे, थेट बोर्डाशी बोलतो, मधे अॅम्प्लिफायरची भानगड नाही), मेमरी कार्डाचं मॉड्यूल, एक १८६५० सेल (चार्ज होणारा, लिथियमचा), आणि सियागंजातून वायरिंगवाले लावतात तो पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा. दुकानदार म्हणाला कैमरा लगाओगे क्या, मी म्हटलं नहीं भिया, कान लगाएँगे. तो हसला आणि दहा रुपये कमी केले.

काम एवढंच: दर दहा मिनिटांनी उठायचं, एक मिनिट आवाज रेकॉर्ड करायचा, कार्डावर लिहायचं, झोपायचं. सेकंदाला १६,००० सॅम्पल, १६ बिट, मोनो, म्हणजे मिनिटाला १.९२ एमबी. दिवसाला १४४ मिनिटं, २७६ एमबी. ३२ जीबीचं कार्ड शंभर दिवसांवर पुरतं. १६,००० चं सॅम्पलिंग म्हणजे ८ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज पकडला जाणार, वटवाघळं विसरा, पण बहुतेक पक्षी त्याच्या आत येतात.

का करतेय हे मलाही नीट सांगता येत नाही. ऑफिसात मी प्रॉडक्शन सपोर्टला आहे, दुपारी दोन ते रात्री अकरा, दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी रडल्या की माझा फोन वाजतो. कोणी रडत नसताना काय वाजतं ते ऐकावंसं वाटलं असेल. आजीला दाखवलं तर म्हणाली, "आपल्या अंगणातच लाव की गं, बघ तरी शिंजीर कुठे गेले. जास्वंदीवर येतात, हलताना दिसतात, पण हल्ली मुके झालेत." आई स्वयंपाकघरातून ओरडली की मुके नाही झालेत, सकाळपासून डोकं उठवलंय. आजी दाराची बेल पण ऐकत नाही हल्ली, आमची ती चिमणीच्या आवाजाची बेल आहे ना, दूधवाला दोनदा परत गेला. असो. आधी चोरल, शहराबाहेर घाटाकडचं गाव.

८ जून, शनिवार

डबा लागला. आतेभावाला घेऊन अॅक्टिव्हावर गेले, तेजाजी नगर, सिमरोल, मग घाट, रस्त्याचं काम चालू असल्याने चाळीसेक किलोमीटरला दोन तास आणि केसात अर्धा किलो धूळ.

जागा एका ओळखीच्या शेतकरी दादांच्या शेताची. बाबा बँकेत असताना बडवाहला पोस्टिंग होतं तेव्हा त्यांच्या ट्रॅक्टरच्या लोनची फाइल बाबांकडे होती, लोन कधीच फिटलं, ओळख राहिली. शेताच्या टोकाला नाला आहे आणि नाल्यापलीकडे जंगलखात्याची हद्द. पलीकडे काही लावायचं नाही हे आधीच ठरवलंय, त्याला परवानगी लागते आणि ती मागायला माझ्याकडे ना संस्था ना कागद. डबा अलीकडे, बांधावरच्या मोहाच्या झाडाला, साडेसहा फुटांवर. खिळा मारायला निघाले तर दादांनी हात धरला, महुए को कील नहीं ठोकते बेटा. सुतळीने बांधला. आवाजाला तर झाड कुणाचं आणि हद्द कुणाची काही फरक पडत नाही, पलीकडचा मोर अलीकडे नोंदणार.

भाभींनी जेवायला बसवलं, मक्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी. इंदूरला परत आले तेव्हा शिफ्टचं पाप नव्हतं म्हणून सरळ झोपले.

१५ जून, शनिवार

कार्ड काढलं. सात दिवसांतले साडेपाचच आहेत, मग सेल संपला. हे कागदावर आधीच दिसायला हवं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना ८० मिलीअँपिअर जातात ते ठीक, पण "झोपेत" पण १२ जात होते. चिप बिचारी झोपते, बोर्डावरचा लाल एलईडी झोपत नाही, आणि तो व्होल्टेज आवरणारा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच पाचेक मिलीअँपिअर नुसता बसून खातो. दहातली नऊ मिनिटं झोप असल्यामुळे जास्तीचा खर्च झोपेतच. हे गणित ऑफिसात सांगितलं तर टीममधला एकजण म्हणाला की आपल्या मॅनेजमेंटचं पण असंच आहे. मी काही बोलले नाही, इथे लिहून ठेवतेय.

पण आनंदाची गोष्ट. दयाळ पक्षी पहाटे सगळ्यात आधी बोलतो, आणि माझ्या फाइलींमध्ये तो पहिल्या दिवशी ४:५० ला, मग ४:४०, ४:३०, शेवटी ४:१० च्या आत. म्हणजे पक्षी रोज नऊ-दहा मिनिटं लवकर उठतायत! पाऊस जवळ आला की असं होतं का? आलेख काढला, सरळ रेषा. रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले.

१८ जून, मंगळवार

नाही उठत. घड्याळ मागे पडत होतं. ईएसपी३२ गाढ झोपेत वेळ मोजायला आतला साधा आरसी ऑसिलेटर (ठोके देणारं स्वस्तातलं सर्किट) वापरतो आणि तो तापमानाप्रमाणे सरकतो, दिवसाला नऊ मिनिटं म्हणजे ०.६ टक्के, त्याच्या लायकीप्रमाणे ठीकच चालला म्हणायचा. निसर्गात इतकी सरळ रेषा दिसली तेव्हाच शंका यायला हवी होती. जूनमध्ये इकडे सूर्योदय आठवडाभरात दोन मिनिटंसुद्धा हलत नाही, दयाळाने कशाला हलावं.

डीएस३२३१ चं घड्याळ मागवलं. दोन पीपीएम, म्हणजे वर्षाला मिनिटभराची चूक. एलईडी उपटला, रेग्युलेटर बदलून एचटी७३३३ टाकला, झोपेतला खर्च ०.४ वर आला. आता सरासरी साडेआठ मिलीअँपिअर, दोन सेल समांतर जोडले तर पंचवीसेक दिवस. सोल्डरिंग करताना अंगठ्याला चटका. आई म्हणते पगार देतात त्या कामात पण एवढं लक्ष घाल.

२२ आणि २३ जून, शनि-रवि

मुक्काम केला. पहिल्यांदाच रात्री. मक्याला रानडुकरं येतात म्हणून दादा उन्हाळा संपला की मचाण बांधतात, अजून नुसती पेरणीच झालीय तरी बांधून झालेलं होतं. भाभी आणि मी वर, दादा खाली खाटेवर, कुत्रा कुठेतरी. आईचे अकरा फोन. तिला वाघाची भीती, आणि ती अगदीच हवेतली नाही, २०२३ च्या मेमध्ये महूला आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात वाघ कॅमेऱ्यात आला होता आणि महूचं रान इथून फार लांब नाही. दादा म्हणाले शेर को तुम्हारे डब्बे से क्या काम. हे सांत्वन होतं की काय कळलं नाही.

नेटवर्क मचाणावर एक कांडी, खाली उतरलं की शून्य. अकरा वाजता सवयीने फोन उघडला, अलर्ट बघायला, उघडलाच नाही काही. अर्धा तास हाताला काही सुचत नव्हतं. मग रातवा पक्षी सुरू झाला. टेबलटेनिसचा बॉल टेबलावर सोडून दिल्यासारखा, टक, टक, टक-टक-टकटकटक. एकदा सुरू झाला की थांबतच नाही, आणि दिशा कळत नाही, मान वळवली की दुसरीकडून. मधेच नाल्याकडून बेडूक, परवाच्या सरीनंतर मोठे पिवळेधमक बेडूक निघालेत, नर गालाचे निळे फुगे करून ओरडतात, दुरून म्हैस घसा साफ करतेय असं वाटतं.

आणि पावशा. चांदणं होतं, पौर्णिमा कालच झालेली, तो रात्रभर. दर वेळी वर वर चढत जातो, आता फुटणार असं वाटतं आणि तिथेच तोडतो, मग पुन्हा खालून. लहानपणी आजीने शिकवलंय तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो. मला अगदी तसंच ऐकू येतं. मी भाभींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या, पेरते क्या होता है, वो तो पपीहा है, पी कहाँ बोल रहा है, सुनो ना. मी ऐकलं. पी कहाँ. आणि मग दहा मिनिटं मला पेरते व्हा ऐकूच येईना, पी कहाँच. साहेब लोकांना त्याच्यात ब्रेन फीवर ऐकू आलं होतं, इंग्रजीत नावच पडलं. तिघांच्या कानात पक्षी एकच. दादा खालून म्हणाले बोवनी तो परसों कर दी, अब काहे चिल्ला रहा है. म्हणजे त्यांना पण अर्थ पेरणीचाच लागतो, भाषा वेगळी असली तरी.

पहाटे चारला गार वारा. डबा माझ्यापासून साठ फुटांवर होता, तिथे त्याचं एक मिनिट आलं आणि गेलं असेल, मी चादरीत.

(सेल ३.९ व्होल्ट. घड्याळ बरोबर. डब्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब, सिलिका जेलची पुडी टाकली, बुटांच्या खोक्यातली.)

६ जुलै, शनिवार

वाईट दिवस. २३ जूनपासूनच्या सगळ्या फाइली आहेत, पण २६ नंतर नुसती गुणगुण, जणू कोणी उशी धरलीय. डबा उघडून बघितलं, सगळं जागेवर. मग बाहेरून. माइकसाठी जे तीन मिलिमीटरचं भोक ठेवलं होतं त्याच्यात कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं. इतकं सुबक की आधी मला वाटलं मीच एम-सील लावलं होतं. आतमध्ये तिने अंडं घालून वर खायला हिरव्या अळ्या कोंबलेल्या. दहा दिवसांचा डेटा तिच्या बाळंतपणात गेला.

आता भोकावर आतून चहागाळणीच्या जाळीचा तुकडा. गाळणी नवीन आणून ठेवलीय, आईला सांगितलेलं नाही.

१४ जुलै, रविवार

घरीच. बर्डनेट चालवलं. हे कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि जर्मनीतल्या केम्निट्झच्या युनिव्हर्सिटीने मिळून बनवलेलं मॉडेल आहे, आवाजाचे तीन तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला नाव आणि किती खात्री आहे ते देतं. जूनच्या फाइली टाकल्या, पोहे खाऊन येईपर्यंत यादी तयार, आणि यादीत सगळ्यात वर कोण तर रफ्ड ग्राउस. हा अमेरिकेतला कोंबडीसारखा पक्षी, पंख आपटून ढब ढब ढब करतो. चोरलला. रोज सकाळी सहा ते आठ.

दादांचा डिझेल पंप तो.

चूक माझीच, अक्षांश-रेखांश द्यायचे राहिले होते, मग मॉडेल सगळ्या जगातले पक्षी समोर ठेवून बसतं. २२.४ आणि ७५.९ भरलं, आठवडा भरला, यादी माणसात आली. पावशा, दयाळ, मोर, टिटवी, सातभाई, नवरंग (हा मला प्रत्यक्ष एकदाही दिसला नाही आणि फाइलींमध्ये रोज संध्याकाळी दोन सुरांची शिट्टी मारतोय). पंप आता "होला" म्हणून येतो, खात्री ०.३१. ठीक आहे, ०.७ च्या खालचं बघायचंच नाही. पण वरचं पण सगळं ऐकून तपासायचं. मॉडेलला मुख्यतः पक्षीच माहीत आहेत ना, बाकी लेबलं मोजकीच, तो बिचारा जे ऐकेल त्याला बहुतेक वेळा पक्ष्याचंच नाव देणार. भाभी आणि मी तरी काय केलं मचाणावर.

१९ ते २१ जुलै

जायचं होतं. शुक्रवारी सकाळी दहाला शिफ्ट नसताना फोन, एका बिघडलेल्या सिक्युरिटी अपडेटने जगभरातल्या विंडोजच्या मशिनी निळ्या पडल्या, आमच्या क्लायंटच्या पण. प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये उघडून एक फाइल हाताने उडवायची, आणि मशीन चालू होत नाही म्हणजे रिमोटने काही करता येत नाही, तिकडच्या माणसाला फोनवर एक एक की सांगायची. एका गोदामातल्या काकू होत्या, त्यांना एफ४ आणि एफ८ मी गाण्यासारखं म्हणून दाखवलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी रात्री घरी आले तर कानात हेडफोन नसताना पण डायलटोन. एवढंच लिहिते.

२८ जुलै, रविवार

इंदूरहून भर पावसात. या वेळी बसने, आतेभाऊ नाही म्हणाला. नाल्याला पाणी आलंय, मोहापर्यंत जायला बांधावरून वळसा. दादांनी एकटीला जाऊ दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. इकडे सगळ्यांना पाताळपाणी आठवतं, २०११ च्या जुलैत धबधब्याच्या वर नदीत उभे असलेले लोक लोंढ्यात गेले, तो व्हिडिओ आम्ही शाळेत असताना घरोघरी बघितला गेला होता. ती हीच चोरल नदी. दादांची खूण सोपी आहे, पाण्यात अचानक काडीकचरा आणि रंग गढूळ झाला की विचार न करता वर चढायचं, ढग डोक्यावर नसला तरी, कारण पाऊस मागे डोंगरात झालेला असतो.

डब्याची तब्येत बरी, आवाज बेकार. थेंब झाकणावर पडतो तो माइकला बंदुकीच्या गोळीसारखा. पत्रा लावावा म्हटलं तर पत्रा म्हणजे ताशाच. स्पंज लावायचं डोक्यात होतं. दादांनी चार सागाची पानं तोडली, देठात देठ ओवून टोपीसारखी केली आणि डब्यावर पालथी बांधली, त्यांच्या वडिलांच्या वेळी गुरं राखणारे असंच डोक्यावर घ्यायचे म्हणे. माझ्या शंका: सुकतील, उडतील, किडे येतील. दादा म्हणाले सूख जाए तो दूसरे लगा लेंगे, पूरा जंगल पड़ा है. मला सुट्या भागाचा पुरवठा याच्यापेक्षा चांगला कुठल्याच प्रोजेक्टमध्ये मिळालेला नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

पानांची टोपी पास. थेंबांचा धक्का बराच गेला, मागे नुसती सरसर. पानं बदलायची जबाबदारी दादांच्या धाकट्याने घेतलीय, वय नऊ.

आज दोन गोष्टी झाल्या. एक, ५ ऑगस्ट सकाळी ११:२० च्या फाइलीत बायका. गवत कापायला आलेल्या, बांधावर बसून बोलतायत, एकीच्या सुनेबद्दल, पैशांबद्दल. अर्धं मिनिट ऐकलं मी, खोटं कशाला बोलू, आणि मग कान गरम झाले. त्यांना काय माहीत झाडावर कान आहे. फाइल उडवली. प्रोग्राममध्ये बदल: आता कार्ड आलं की आधी माणसाचा आवाज शोधायचा, बर्डनेटच्या यादीत माणसाचं पण लेबल आहे, ते लागलं की फाइल न ऐकता साफ. आणि डब्यावर पाटी, "यहाँ आवाज़ रिकॉर्ड होती है", ऑइल पेंटने. भाभींकडून त्या बायकांना सांगायला सांगितलं. भाभी म्हणाल्या सांगते, पण हसत होत्या, नक्की काय सांगणार कोण जाणे.

दोन, पाटीचा परिणाम मला पुढच्या वेळी कळेल असं वाटतंय. धाकट्याने पाटी दोनदा मोठ्याने वाचली आणि डब्याकडे ज्या नजरेने बघितलं.

२४ ऑगस्ट, शनिवार

कळला. न ऐकता साफ करायच्या फाइली एकशे तीस. नियम मोडून एक ऐकली कारण वेळ रोज तीच, शाळा सुटल्यावरची. सत्रह का पहाड़ा. सत्रह एकम सत्रह पासून, एकशे छत्तीसला अडखळून, पुन्हा सुरुवात. मागे दुसरी मुलं ओरडतायत मेरा नंबर मेरा नंबर. डबा दहातलं एकच मिनिट ऐकतो हे त्यांनी शोधून काढलंय, आत कार्डाच्या मॉड्यूलचा बारका दिवा लागतो तो फटीतून दिसतो म्हणे. मी एवढे एलईडी उपटले आणि तो राहिला.

दिवा काढला नाही. खर्च मोजला, नगण्य आहे.

१ सप्टेंबर, रविवार

हाताने तपासणी. जून ते ऑगस्ट, कुंभारीण आणि पाऊस आणि पाढे वजा जाता जे उरलं त्यातून पावशाची मिनिटं मोजली. जूनमध्ये दिवसाला वीसच्या वर, जुलैच्या शेवटी सात-आठ, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एकूण चार. पक्षी गेलेला नाही, तो इथलाच आहे, नुसता गप्प झाला. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात, पोरं वाढवायचं काम त्यांच्याकडे, याचं ओरडायचं काम संपलं. सातभाईंचा कलकलाट मात्र तेवढाच, उलट जास्त. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल, मला माहितेय, पण हे माझ्या डब्याने सांगितलं आणि दयाळासारखं उलटलं नाही. घड्याळ तीनदा तपासलं.

सगळ्यात जास्त वेळा ओळखू आलेला प्राणी, पाढेवाले सोडून: मी. प्रत्येक भेटीला सुरुवातीचं आणि शेवटचं मिनिट. खोकणं, "अरे यार", आणि एकदा माझ्या फोनची अलर्टची रिंग, नेटवर्क नसताना. ती कशी वाजली ते अजून कळलेलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीमुळे चोरल नाही. डबा नंबर २ बनवला, पहिल्यापेक्षा बरा, आणि आजीचं म्हणणं म्हणून अंगणात जास्वंदीला बांधला. आवाजात आरत्या, स्कूटर, शेजारच्यांचा मिक्सर, आणि दर दुसऱ्या फाइलीत शिंजीर. चिविट चिविट, सकाळी सहापासून. म्हणजे आई बरोबर. मंगळवारी अनंत चतुर्दशी, मिलांच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) निघतील, त्या रात्री डबा बंद ठेवणार, रात्रभर बँड आणि डीजे ऐकून मॉडेल काय नाव देईल याची भीती वाटते.

आजीला हेडफोन लावून शिंजीर ऐकवला. आवाज पूर्ण वर. ती दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "छान आहे गं, पण हे तर मिक्सर आहे."

२१ सप्टेंबर, शनिवार

कानाच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी काढलेला आलेख कपाटातून शोधला. आजी ८१. आलेख डावीकडे बरा, ३,००० हर्ट्झनंतर उतार, जिना उतरावा तसा. वयाने जाणारं ऐकू येणं असंच वरच्या पट्टीपासून जातं, माणसांचं बोलणं बऱ्यापैकी राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, तिच्या स्वतःच्या पण नाही. तिला वाटतं जग गप्प झालं. आणि आमच्या शिंजीराचा आवाज स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाची पट्टी दाखवणारं चित्र) बघितला तर जवळजवळ सगळा ४,५०० च्या वर. आजीच्या जिन्याच्या पार खाली.

मग ते केलं जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. फाइल अर्ध्या वेगाने वाजवली की सगळं एक सप्तक खाली येतं, ५,००० चं २,५०० होतं. चौथाईवर नेलं तर शिंजीर म्हशीसारखा, तो रद्द. अर्ध्यावर आजीने मान वाकडी केली. म्हणाली, "कोणीतरी आहे. पण किती आळशी." मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग तसाच ठेवून नुसती पट्टी खाली आणली. लावलं. ती काही बोलली नाही. हाताने माझा हात बाजूला केला, लॅपटॉपवरचा, म्हणजे बंद करू नको. मिनिट संपलं, पुन्हा लाव, पुन्हा लाव, सहा वेळा.

"हाच," म्हणाली. "घाईतच असतो मेला. वाड्यात माडीच्या कठड्यावर यायचा, आरशात स्वतःलाच चोच मारायचा." आणि मग एकदम, "म्हणजे हा रोज ओरडत होता?"

मी म्हटलं हो. ती आईकडे बघून म्हणाली मला कुणी सांगितलं नाही. आईने सांगितलं होतं, जूनमध्ये, माझ्यासमोर, आणि ही वादाची वेळ नव्हती.

तिने मग पावशा मागितला. पावशाला काही करावं लागलं नाही, तो तिला तसाच ऐकू आला. पेरते व्हा.

५ ऑक्टोबर, शनिवार

चोरल. सोयाबीन काढून झालंय, शेत उघडं, नाल्याला घोट्याएवढं पाणी. डबा उतरवला नाही, दादा म्हणाले राहू दे, थंडीत रात्री पलीकडून काय काय आवाज येतात ते पण ऐक. सेल बदलले, जाळी साफ केली, पानं नवीन. धाकटा आता एकोणीसच्या पाढ्यावर आहे. बायकांना पाटी पटलेली नाही, त्या आता बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसतात, भाभी म्हणाल्या चांगलंच झालं तिथे सावली जास्त आहे. मला अजून नीट वाटत नाही. पुढच्या वेळी डबाच शंभर फूट नाल्याकडे सरकवायचा, त्यांची जागा त्यांना परत.

सोमवारपासून ऑन-कॉलचा आठवडा, त्यामुळे नोंदी पंधरा दिवस बंद.

६ ऑक्टोबर, रविवार

डब्याचं नाही पण इथेच लिहिते. आजीने सकाळी चहा घेताना विचारलं की ते शिंजीराला केलंस ते बेलला करता येतं का. मी कप खाली ठेवला. चिमणीवाली बेल उघडून मोजली, आवाज ४,००० च्या आसपास, म्हणजे गेली दोन वर्षं आमच्या दारात तिच्या दृष्टीने काही वाजतच नव्हतं. ती काढली. उरलेला एक ईएसपी३२, जुन्या रेडिओचा स्पीकर, ६०० आणि ४५० हर्ट्झ, दोन सुरांत. बाबा म्हणाले मालगाडी आल्यासारखं वाटतंय. शेजारच्या काकू बघून गेल्या.

संध्याकाळी साडेसहाला दूधवाला आला, बेल वाजली, आणि आई पदराला हात पुसेपर्यंत आजी काठी न घेता दारापाशी.